कंबळीअण्णांची वही

कंबळीअण्णांनी पक्ष्याकडे कधी बोट दाखवलं नाही. तळ्याच्या बांधावर उभं राहिलं की लोक हात लांब करतात, "ते बघ, ते बघ" म्हणतात, आणि तोवर बघण्यासारखं जे काही असतं ते उडून गेलेलं असतं. अण्णांचे दोन्ही हात कंबळीच्या आत. नुसत्या हनुवटीने दिशा दाखवायची आणि हलक्या आवाजात पत्ता सांगायचा. "त्या लव्हाळ्याच्या डाव्या हाताला, दीड वार अलीकडं, एक काटकी वर आलीय बघ. तिच्यावर." दीड वार म्हणजे दीड वारच. शिंपी होते ते, अंतर नजरेनेच मोजायचे. पहिल्या दिवशी मी उत्साहाने बोट केलं तेव्हा म्हणाले, "अम्मा, पंगतीत बसलेल्या पाहुण्याकडं कोण बोट दाखवतंय काय? उठून जाईल की तो."

कंबळी म्हणजे आपली घोंगडी. एरवी अण्णा मोठे टापटिपीचे. पांढरा शर्ट, काळी टोपी, गळ्यात टेप. पण डिसेंबर लागला की पहाटे साडेपाचला ती जुनी काळी कंबळी डोक्यावरून घेऊन निघायचे, आणि त्या अवतारावरून गवीपुरमच्या आमच्या आळीने त्यांना हे नाव देऊन टाकलं होतं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी बेंगळुरात येऊन राहिलेलं. घरात मराठी बोलत, पण ती मराठी ऐकून पहिला महिनाभर मला हसू दाबावं लागे. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे दोन शब्द काढून घेतले असते तर अक्कांचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, बोलणंच बंद पडलं असतं. मी निपाणीकडची. कानडी मला परकी नव्हती, पण मराठीच्या पोटात अशी घर करून बसलेली कानडी मी प्रथमच ऐकत होते. मला ती दोघं अम्मा म्हणत. वीस वर्षांच्या मुलीलाही अम्मा आणि लहान पोरालाही अप्पा म्हणायची तिकडची रीतच आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी बेंगळुरात आले आणि अण्णांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. हे कारखान्यात होते. दुसऱ्याच वर्षी माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. त्यानंतर मी बोलेनाशीच झाले. ह्यांची पहिली पाळी असायची. पाच वाजता डबा घेऊन हे गेले की मी स्टोव्हपुढे बसायची ती ऊन आत येईपर्यंत तशीच. शेजारणी समजूत घालायला येत आणि आपापल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगून जात. अक्कांनी मात्र समजूत वगैरे काही घातली नाही. एका पहाटे दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. अण्णांच्या संगं केरेवर जा. माझे गुडघे गेलेत. ते एकटेच जातात, अन् वर बघत बघत चिखलात पाय घालतात. वही धरायला कोणीतरी पाहिजे." अण्णा जन्मात कधी चिखलात पडले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

केरे म्हणजे तळं. आमच्या तळ्याचं नाव हुणसे केरे. हुणसे म्हणजे चिंच, आणि बांधावर सात जुन्या चिंचा होत्या. बनशंकरी तेव्हा गावाबाहेरचं देऊळ होतं. त्या वाटेवर अर्धा तास चाललं की रस्ता डावीकडे उतरायचा आणि तळं लागायचं. बेंगळुरची थंडी दात वाजवणारी नाही, पण तळ्याकाठच्या धुक्यातून ती चपलांत शिरते आणि पायांची बोटं बधिर करून टाकते. वाटेत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन बायका पेठेकडे निघालेल्या असत. दवाने भिजलेल्या त्या शेंगांना एक उग्र, तेलकट वास असतो. आज कुठेही तो वास आला की मला आधी थंडी वाजते आणि मग अण्णा आठवतात.

पक्ष्यांची पुस्तकी नावं अण्णांना ठाऊक नव्हती आणि असायची गरजही नव्हती. ते पक्षी बघत ते शिंप्याच्या नजरेने. खंड्या म्हणजे चॉकलेटी कोट, आत पांढरा शर्ट, पाठीला निळं साटीन. पंख पसरून उभा राहिलेला पाणकावळा दिसला की म्हणायचे, "धुतलेला कोट वाळत घातलाय साहेबानं." लांब गुलाबी पायांचे शेकाटे चालायला लागले की त्यांना दर वेळी वाईट वाटायचं. "ह्यांच्या शिंप्यानं कापड चोरलंय अम्मा. विजार बघ कुठवर आलीय." मी त्या दिवशी हसले. चार महिन्यांनी पहिल्यांदा हसले असेन. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुर्बीण डोळ्याला लावून ते शेकाटे मोजत राहिले. ती दुर्बीणही एका लष्करी साहेबाने कोट चांगला उतरला म्हणून बक्षीस दिलेली. तिचा एक डोळा कायमचा आंधळा होता.

माझ्या मुलाबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. मला वाटायचं, पुरुषमाणूस, काय बोलणार. पण पहिला महिनाभर ते मला बांधाच्या डाव्या बाजूला नेत नसत. "तिकडं निसरडं आहे," म्हणायचे. पुढे एकदा मी एकटीच त्या बाजूला गेले तर तिथे साधी कोरडी पायवाट. नंतर वही चाळताना सापडलं. त्या महिन्यात त्या कोपऱ्यात टिबुकलीची पिल्लं होती, आईच्या पाठीवर बसून फिरणारी. मला सांडव्याशी उभी करून अण्णा एकटेच जाऊन ती मोजून येत आणि घरी जाऊन वहीत लिहीत. हे वाचल्यावर मी पदर तोंडाला लावून खूप रडले. कोणी माझी एवढी काळजी केली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. ती दुकानातली मापाची वही होती, लांबट, लाल कापडाच्या पाठीची. अण्णांचं दुकान पेठेत होतं. तिथे गिऱ्हाइकांची मापं ज्या रीतीने लिहीत त्याच रीतीने आणि त्याच मोडी अक्षरात ते पक्षी लिहीत, मी येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून. मी कुलकर्ण्यांची मुलगी. आजोबांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती, म्हणून वही माझ्या हाती आली. अण्णा सांगायचे, मी लिहायची. "धुकं. शेकाटे सात. खंड्या एक, जुन्याच जागी. पाहुणे नाहीत." पाहुणे म्हणजे उत्तरेकडून थंडीपुरती येणारी बदकं. ती उतरली की त्या दिवशी आकडा मोठा आणि अण्णांचा आवाज बारीक व्हायचा. "पाहुणे आले. दोनशे."

लिहिण्याचे त्यांचे नियम कडक होते. "बघितलेलं लिही, वाटलेलं नको." आणि दुसरा नियम दुकानातला. सरळ अंगाच्या माणसाचे नुसते आकडे लिहायचे. खोड असेल ती तेवढी शब्दांत. डावा खांदा खाली. पोट पुढं. पाठीला बाक. पावसाळ्यानंतर एकदा तळं असं तुडुंब भरलं होतं की मला राहवलं नाही आणि मी "आज पाणी काठोकाठ" असं लिहायला लागले. अण्णांनी थांबवलं. "पाणी आहे हे कशाला लिहितीस? ते असतंयच की. सरळ खांद्याचं कोणी लिहितंय काय?" मी लिहिलेलं निमूटपणे खोडून टाकलं. मला ते पटलंसुद्धा. किती शहाणं वाटलं होतं तेव्हा!

मग तीन वर्षं पाऊस कमी झाला. त्यातच वरून तळ्यात पाणी आणणारा ओढा एका नव्या रस्त्याच्या भरावाने अडला. हिवाळ्यात तळ्याचा तळ दिसू लागला. ही खोड होती, म्हणून ती शब्दांत लिहायची. "पाणी नाही. टिटव्या चार." काही दिवसांनी पुन्हा, "पाणी नाही." अण्णा सांगायचे आणि मी सुवाच्य अक्षरात लिहायची. चौथ्या वर्षी लोकांनी खपून ओढा मोकळा केला, पाऊसही बरा झाला, तळं अर्ध्याच्या वर भरलं, पाहुणे परत आले. वहीतून पाणी हा शब्द पुन्हा नाहीसा झाला.

त्याच हिवाळ्यात बांधाखाली चुना लावलेले दगड दिसू लागले. शहर वाढत होतं, घरांना जागा हवी होती. जे तळं भरत नाही ते मेलेलं धरायचं आणि तिथे वसाहत करायची, असं ठरलं होतं. आमचं तळं मेलेल्यांच्या यादीत गेलं होतं. बांधाखाली भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी अर्ज केला, तेव्हा चौकशीला एक साहेब आला. चिंचेखाली टेबल मांडून बसला. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचं ऐकून घेत होता. शेतकरी सांगत होते, तळं दर वर्षी भरतं, मधली तीन वर्षं तेवढी वाईट गेली. साहेब कानडीत म्हणाला, "लेखी काही आहे काय? तोंडानं पाऊस सगळेच पाडतात."

अण्णा माझ्या शेजारी कंबळी पांघरून उभे होते. ती वही त्यांनी अक्कांखेरीज आणि माझ्याखेरीज कोणाला दाखवली नव्हती. दुकानातल्या मापाच्या वहीलाही ते दुसऱ्याला हात लावू देत नसत. कोणाच्या अंगाची खोड चारचौघांत सांगायची नसते, म्हणायचे. हे सगळं ठाऊक असून मी ओरडले, "आमच्या अण्णांकडं वही आहे. अकरा वर्षांची!" अण्णांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. शेतकऱ्यांचे चेहरे असे उजळले की मला स्वतःचा अभिमान वाटला. साहेबाने वही चाळली आणि परत दिली. "मोडी वाचणारा आमच्याकडं कोणी नाही. अम्मा, तुम्हीच कानडीत उतारा करून आणा. तळ्यातल्या पाण्याबद्दल जिथं जिथं लिहिलंय, तेवढंच. आठ दिवसांत."

दुपारची कामं आटोपली की मी खिडकीशी वही घेऊन बसायची. पहिल्या दोन दिवसांत अर्धी वही संपली आणि माझ्या कागदावर एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, पुढे येईल. पुढे ती तीन वर्षं आली. पाणी नाही. पाणी नाही. चौथ्या दिवशी वही संपली तेव्हा माझ्यापुढे एकोणीस ओळी होत्या आणि एकोणीसही ओळी 'नीरु इल्ला' अशाच होत्या. अकरा वर्षांत पाणी हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे तिथे त्याच्यापुढे 'नाही' होतं. जेव्हा पाणी होतं तेव्हा आम्ही शेकाटे मोजत होतो.

तशीच उठून मी पेठेत दुकानावर गेले. अण्णा एका कोटाच्या कापडावर खडूने रेघ ओढत होते. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "सरी," एवढंच म्हणाले. मी हळू आवाजात म्हटलं, "अण्णा, मी आणखी दहा ओळी घालते. पाणी होतं ते तुम्ही पाहिलंय, मी पाहिलंय. खोटं थोडंच आहे? आणि मोडी वाचणारं तिथे कोणी नाही. ब्रह्मदेवाला कळायचं नाही."

अण्णांनी खडू खाली ठेवला. बराच वेळ ते बोटांवरची खडूची पूड दुसऱ्या हाताने पुसत राहिले. ते तळं त्यांना किती प्रिय होतं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मूलबाळ नसलेला माणूस. एका तळ्याभोवती आयुष्य काढलेलं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, अण्णा, एकदा हो म्हणा. ते म्हणाले, "वहीत नाही ते उताऱ्यात कुठनं आणशील? माप घेऊन झाल्यावर मागनं आकडा वाढवायचा नाही, अम्मा. एक ओळ खोटी घातली की सगळी वही खोटी. मग तो खंड्या खोटा. दोनशे पाहुणे खोटे." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ती पिल्लंबी खोटी."

मी उतारा जसाच्या तसा नेला. चौकशीच्या दिवशी निघण्यापूर्वी अण्णांनी तो वहीशी ताडून पाहिला. "बरोबर आहे. एक अक्षर चुकलं नाही तुझं," म्हणाले. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

साहेबाने एकोणीस ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. मी न राहवून बोलले. "साहेब, ह्याच वहीत दर थंडीत दोनशे-दोनशे बदकं उतरल्याचं लिहिलंय. ती काय खडकावर बसली?" साहेब शांतपणे म्हणाला, "अम्मा, मला पटतं. पण मला वरून पाणी विचारलंय, पक्षी विचारलेले नाहीत. आणि पाण्याचं तुमच्याच वहीत हे लिहिलंय." त्याने माझा कागद अर्जाला टाचला. शेतकरी पांगले. त्यातला एक म्हातारा जाता जाता अण्णांपाशी थांबला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची वही नसती तर बरं झालं असतं." तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते फार लागलं.

परतताना मी रस्ताभर रडत होते. वही दाखवा म्हणून मीच ओरडले होते, आणि वही खोटी करायची वेळ आली तेव्हा माझाच हात धजला नाही. दोन्हीकडून मीच. गवीपुरमच्या वळणावर अण्णा थांबले. "रडू नकोस. कात्री माझी चुकली. तू नुसतं शिवलंस." ते एकटेच पुढे चालायला लागले. कंबळीखालचे त्यांचे खांदे त्या दिवशी मला प्रथमच उतरलेले दिसले. दोन्ही खांदे.

उन्हाळ्यात बांध फोडला. होतं ते पाणी दोन दिवस वाहत राहिलं. लोकांनी टोपल्यांनी मासे धरले, बगळ्यांची चंगळ झाली. मग चिंचा तोडल्या. अण्णा तिकडे फिरकले नाहीत. दुकानात बसून शिवत होते. ह्या सगळ्यात त्यांनी एकदाही कोणाला बोल लावला नाही, आणि मला ते असह्य व्हायचं. मी अक्कांना म्हणायची, त्यांना एकदा तरी माझ्यावर ओरडायला सांगा. अक्का म्हणायच्या, "ओरडायला यायला पाहिजे की त्यांना."

डिसेंबर लागला. मला वाटलं, आता कुठला जातोय हा माणूस. पण पहाटे साडेपाचला अंगणात खोकल्याचा आवाज आला. कंबळी घेऊन अण्णा उभे होते. मी काही न विचारता शाल गुंडाळली. नेहमीच्या वाटेने आम्ही गेलो. धुकं होतं, दवात भिजलेल्या अवरेकाईचा वास होता, सगळं तसंच होतं. बांध होता तिथे आता मातीचे ढीग, आणि तळ्याच्या जागी चुन्याच्या रेघा आणि खुंट्या. आम्ही तिथे उभे राहिलो. अण्णा वही काढ म्हणाले नाहीत.

उजाडता उजाडता वरून आवाज आला. पाहुणे आले होते. एवढ्या लांबून, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. धुक्यातून थवा खाली येई, अगदी खुंट्यांपर्यंत येई, आणि पुन्हा वर उठे. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. त्यांना पत्ता पक्का आठवत होता आणि घर सापडत नव्हतं. मला बघवेना. मी मान खाली घातली. मग शेजारी हालचाल झाली म्हणून पाहिलं, तर अण्णांनी कंबळी खांद्यावरून टाकून दिली होती आणि उजवा हात पूर्ण लांब करून, बोट ताठ करून ते पूर्वेकडे दाखवत होते. जन्मात ज्याने पक्ष्याकडे बोट केलं नाही तो माणूस भर मैदानात ओरडत होता, "तिकडं! तिकडं जा, अप्पा! मडिवाळला पाणी आहे! तिकडं जा!"

थवा उठून गेला. पूर्वेकडे गेला की आणखी कुठे, धुक्यात कळलं नाही. अण्णांचा हात बराच वेळ तसाच होता. शेवटी मीच तो धरून खाली घेतला आणि कंबळी उचलून त्यांच्या अंगावर घातली.

पुढच्या वर्षी ह्यांना कारखान्याजवळ घर मिळालं आणि आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मुलगा झाला, मग मुलगी झाली. दिवाळीला, संक्रांतीला मी मुलांना घेऊन गवीपुरमला जायची. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा जाईना म्हणून दुकान बंद केलं. तरी थंडीत पहिल्या बसने एकटे मडिवाळच्या तळ्यावर जातात, असं अक्का कुरकुरत सांगायच्या. मी एकदा विचारलं, "अण्णा, दिसतं काय तिथे तुम्हाला?" हसून म्हणाले, "स्वल्प दिसतं." मला वाटायचं, एखाद्या पहाटे आपण बरोबर जावं. पण लहान मुलं, स्वयंपाक, ह्यांच्या पाळ्या. जाऊ जाऊ म्हणत गेलेच नाही. ह्याचं मला आजही फार वाईट वाटतं, आणि त्याला काही सबब चालत नाही.

साठचं दशक सरत आलेलं. जानेवारीत तीन दिवसांच्या तापाने अण्णा गेले. तेरावं झाल्यावर अक्कांनी कपाटातून एक गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. ती काळी कंबळी होती आणि तिच्या घडीत लाल पाठीची वही. मी वही उघडली. माझ्या अक्षरातली पानं संपली, मग बरीच कोरी पानं गेली, आणि मग अण्णांचं अक्षर सुरू झालं. मोठं, वाकडंतिकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. खंड्या नव्हता, शेकाटे नव्हते, पाहुणे नव्हते. ते दिसत नव्हते त्यांना, आणि न दिसलेलं ते लिहिणार नव्हते. तारीख, आणि पुढे दोनच शब्द. पाणी आहे. दुसऱ्या दिवशीची तारीख. पाणी आहे. पान उलटलं. पाणी आहे. पाणी आहे. तीन हिवाळे भरून तेवढंच.

मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांना मोडी येत नव्हती, पण त्या पानांत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "पाण्याची चमक तेवढी दिसायची त्यांना. मी म्हटलं, पक्षी दिसत नाहीत तर कशाला जाताय थंडीत? तर म्हणाले, अम्मासाठी जातो. उद्या पुन्हा कुठला साहेब आला, अन् उतारा काढून आण म्हणाला, तर ह्या वेळी पोरीला मान खाली घालायला लागू नये."

वही माझ्याकडे आहे. दर थंडीत मी मडिवाळला जाते. पक्षी नंतर मोजते. आधी तारीख घालते आणि पुढे, पाणी असेल तर, पाणी आहे असं लिहिते. अजून कोणी साहेब विचारायला आलेला नाही.